पोपटाआधी खुर्ची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा कळला ते आधी सांगतो, म्हणजे चुकलो असेन तर तिथेच थांबवता येईल. तुमच्या आई अठरा वर्षं डोंबिवलीत घरातूनच भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकतात. आता फडके रोडला लागून असलेल्या गल्लीत १८० फुटांचा गाळा मिळतोय, भाडं महिना २४,०००. मध्यंतरी तुम्ही ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया या जुन्या इराणी हॉटेलात जेवलात आणि आपलं दुकानही असंच लोकांच्या लाडाचं व्हावं, हे डोक्यात घेऊन परतलात. सजावटवाल्याने पावणेतीन लाखांचं कोटेशन दिलंय. त्यात इराण्याकडे असतात तशा गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, जुनाट दिसणारे आरसे, भिंतीवर विनोदी सूचना, आणि ब्रिटानियाच्या पाटीवरच्या कोंबड्यासारखा आपला एक पोपट, चोचीत मिरची धरलेला. हे पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

घालू नका. पण एवढ्यावर तुमचं भागणार नाही, कारण ब्रिटानियात बसून तुम्हाला जे भावलं ते खरोखर शिकण्यासारखं आहे. ते काय होतं, याचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटला नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी कोण, ते सांगून टाकतो. गिरगावात वडिलांचं उपाहारगृह मी सत्तावीस वर्षं चालवलं. मिसळ, साबुदाणा वडा, पीयूष, उपासाला वऱ्याचे तांदूळ. आता गल्ल्यावर मुलगी बसते आणि मी खाण्यापिण्याच्या छोट्या दुकानांचा हिशोब लावून देतो. कपड्यांच्या किंवा मोबाइलच्या दुकानाबद्दल मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही.

ब्रिटानिया १९२३ चं. सुरुवातीला गोऱ्या साहेबाच्या जिभेला सोसेल असं सपक जेवण मिळायचं. दुसऱ्या महायुद्धात जागा लष्कराने घेतली, मग परत दिली. आज ज्याच्यासाठी लोक फूटपाथवर ताटकळतात तो बेरी पुलाव आला १९८० नंतर. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी इराणात राहून, तिथला झरेश्क (आंबटगोड बेरी) घातलेला भात शिकून आल्या, तेव्हा. म्हणजे हॉटेल साठीच्या घरात पोचल्यावर. तुम्ही गाळा घेण्याआधीच पोपट शोधताय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

बोमन कोहिनूर यांना मी बऱ्याच वेळा पाहिलंय. नव्वदी ओलांडल्यावरही ते टेबलाटेबलाशी जाऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे, गोड लिंबू सोडा घ्याच म्हणून मागे लागायचे आणि मग इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र काढून दाखवायचे. राणीचा नातू विल्यम आणि त्याची बायको केट यांचा कटआउट हॉटेलात उभा. २०१६ मध्ये ते दोघे मुंबईत आले तेव्हा हे भेटून आले, आणि त्यानंतर तर काय, बोलायला विषयच मिळाला. २०१९ मध्ये बोमन वारले. आता विचार करा, स्वतंत्र भारतातल्या हॉटेलात राणीचं एवढं कौतुक चालेल, असा सल्ला कुठला सल्लागार देईल? माझ्याच बरोबरचा एक मित्र एकदा तिथे बसून धुसफुसत होता. पण त्या माणसाचं ते प्रेम होतं आणि ते गिऱ्हाइकासाठी नव्हतं. गिऱ्हाईक नसतं तरी त्याने घरी तेच केलं असतं. तुमच्या पोपटाबद्दल हे म्हणता येईल का?

आता दुसरी गोष्ट. इराणी हॉटेलातलं जे आपल्याला आज लहरी वाटतं, त्यातलं पुष्कळसं मुळात चोख हिशोबाचं होतं. ब्रिटानिया फक्त दुपारी चालायचं. लोक म्हणतात, काय तोरा! अहो, बॅलार्ड इस्टेट ही गोदीजवळची, कचेऱ्यांची वस्ती. संध्याकाळी सहानंतर तिथे रस्त्यावर टॅक्सीवालेच उरतात. रात्री भट्टी कुणासाठी पेटवायची? कोपऱ्यावरच्या जागा इराण्यांना मिळाल्या कारण आपले लोक कोपऱ्याची जागा अशुभ मानायचे, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. शुभाशुभ काही असो, कोपऱ्याला दोन रस्ते आणि दोन्हीकडून वारा. संगमरवरी टेबल एका फडक्यात पुसलं जातं. आरसे असे लावायचे की गल्ल्यावर बसून सगळ्यांची पाठ दिसावी. आणि धोबीतलावच्या बस्तानी या इराणी हॉटेलातली ती प्रसिद्ध सूचनांची पाटी, केस विंचरू नका वगैरे, ती हसवण्यासाठी लावलेली नव्हती. एक कप चहावर दोन तास बसणाऱ्यांना वैतागून लावलेली होती. बस्तानी बंद पडलं, पाट्यांची नक्कल मात्र आता मॉलमध्ये विकत मिळते. वैतागाशिवायची पाटी कशी दिसते ते पाहायचं असेल तर तिथे जाऊन बघा.

तिसरी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही, ती भाड्याची. दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच जुन्या हॉटेलांचं अर्थकारण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यावर उभं होतं. १९९९ चा नवा कायदा आला तरी जुने भाडेकरू बऱ्याच अंशी सांभाळले गेले. आमचंच घ्या. पागडीची जागा, मी गल्ल्यावर बसलो तेव्हा भाडं महिना ४१० रुपये. म्हणून वडील दुपारी एक ते चार शटर ओढून झोपू शकायचे, आणि म्हणून त्यांना विक्षिप्त असणं परवडायचं. तुम्हाला दिवस उजाडला की नऊशे रुपये भाड्याचे आधी काढून ठेवायचेत. तुमच्या लहरीला त्यांच्याइतकी मोकळीक नाही, हे आधीच समजून घ्या. गाळा स्वतःचा असता तर माझं निम्मं उत्तर वेगळं झालं असतं.

तर मग घ्यायचं काय? इथे मला आमच्या दुकानातली गोष्ट सांगावी लागेल.

माझे वडील कोकणातले, खाडीकाठचे. मुंबईत चाळीस वर्षं राहून त्यांचं लक्ष समुद्राकडेच. गल्ल्यामागे एक काळा फळा होता. त्यावर ते रोज सकाळी खडूने भरतीची वेळ लिहायचे. पदार्थ नाहीत, भाव नाहीत, फक्त भरती आणि ओहोटी. ती काढायची रीत आमच्याकडे सगळ्या खारव्या-कोळ्यांना ठाऊक असते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. गोदीत नोकरी करणारे एक गिऱ्हाईक छापील तक्ता घेऊन यायचे आणि वडिलांची वेळ वीस मिनिटांनी चुकली म्हणून चारचौघांत सांगायचे. वडिलांनी त्यावर उपाय काढला. फळ्यावर दोन ओळी लिहायला लागले, 'पंचांग' आणि 'गोदी'. मग मिसळ खाता खाता लोक पैजा लावायचे.

आता मिसळीच्या दुकानात भरतीचं काम काय? काही नाही. पण पावसाळ्यात मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की गटारांचं पाणी समुद्रात जात नाही, उलट रस्त्यावर येतं. त्यामुळे टॅक्सीवाले दादरकडे निघण्याआधी फळा बघून जायचे. अनंत चतुर्दशीला मंडळाची पोरं विचारायला यायची. चौदा पाऊण साडेदहा, मग चौपाटीवर कधी पोचायचं? आणि विचारायला आलेला माणूस चहा न घेता जात नाही.

मी गल्ल्यावर बसलो आणि पहिल्या दोन वर्षांतच दुकान 'सुधारायचं' ठरवलं. नव्या टाइल्स, नवे दिवे. फळा काढला आणि त्या जागी इराण्याच्या धर्तीवर एक छापील पाटी लावली, 'राजकारणावर चर्चा केल्यास मिसळीत तर्री वाढवली जाईल' असल्या धाटणीची. मला ती फार विनोदी वाटली होती. पहिल्या दिवशी तीन जण हसले. दुसऱ्या दिवशी कुणी वर पाहिलंही नाही. आठव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले, बसले नाहीत, उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "भरती कुठे गेली?" एवढंच बोलले आणि निघून गेले. तो फळा मी परत लावला. पण लावल्यावर कळलं की तो रोज लिहावा लागतो. वडील तीस वर्षं न चुकता लिहीत होते, ताप असला तरी. मला तो चौथ्या दिवसापासूनच जाच वाटायला लागला. ते गृहस्थ महिन्याभराने आले, फळ्याकडे पाहिलं आणि मगच बसले.

तेव्हापासून कुठल्याही दुकानातल्या गमतीकडे मी एकाच नजरेने पाहतो. ही गंमत चालू ठेवायला मालकाला काही द्यावं लागतं का? वेळ, कष्ट, बुडालेली विक्री, कधी गिऱ्हाइकाचा रागसुद्धा. द्यावं लागत असेल तर लोकांना ते कळतं, त्यांना कुणी सांगितलेलं नसलं तरी. एकदाच पैसे टाकून भिंतीला ठोकलेली गंमत आठवड्यात भिंतीच्याच रंगाची होते.

याला अपवाद नाहीत असं नाही. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी चित्रं काढलीत. ती सजावटच आहे आणि लोक ती बघायला जातात. पण तिथे चित्रात तेच लोक आहेत जे खाली टेबलाशी बसलेत, आणि हात मारिओचा आहे. तुमच्या कोटेशनवाल्याचा नमुना पाहिला. तो पोपट इंटरनेटवरून उचललेला आहे.

आता तुमच्या पत्राकडे येतो. अगदी शेवटी, कंसात, तुम्ही एक वाक्य लिहिलंय आणि त्याबद्दल जवळजवळ माफीच मागितलीय. 'आईला धंदा येत नाही, ती गिऱ्हाइकाला विचारते घरात माणसं किती, आणि मागितल्यापेक्षा कमी देते. अर्धा किलो मागितला तर म्हणते पाव किलो न्या, वास जातो, महिन्याने परत या.' अहो, मी हे वाक्य वाचून खुर्चीत सरळ बसलो. राणीचं पत्र ते हेच आणि भरतीचा फळाही हाच. अठरा वर्षं एक बाई हातातली विक्री स्वतःहून कमी करतेय, कारण तिला मसाला शिळा झालेला सहन होत नाही. हिला धंदा येत नाही असं म्हणणाऱ्याला मी तरी गल्ल्यावर बसवणार नाही.

आता आकडे बघू, तुमचेच. भाडं २४,०००, वीज आणि मदतनीस धरून आणखी १८,०००. शंभराच्या विक्रीत पस्तीस सुटतात म्हणता. म्हणजे नुसता खर्च भरून निघायला महिन्याला १,२०,००० ची विक्री हवी. २६ दिवस धरले तर रोज सुमारे ४,६००. एका माणसाचं बिल सरासरी २३० असेल तर रोज वीस माणसं. हे होण्यासारखं आहे. आता पावणेतीन लाख तीन वर्षांत फेडायचे म्हटलं, व्याज सोडूनसुद्धा, तर महिन्याला ७,६०० च्या वर जातात. तेवढे सुटायला आणखी २२,००० ची विक्री, म्हणजे रोज साडेतीन-चार माणसं जास्त. ती चार माणसं रोज फक्त आरसे आणि पोपट यांचा पगार द्यायला येणार. आणि खुर्च्या कशाला? मसाला घ्यायला येणारा माणूस बसतो किती वेळ?

मी तुमच्या जागी असतो तर इराण्याकडून वेळेचा आणि नकाराचा हिशोब उचलला असता. डोंबिवलीची बाई सकाळी ८.१२ ची लोकल धरायला धावत असते, तिला तेव्हा मेतकूट दाखवू नका. ती परत येते सात ते साडेनऊच्या मध्ये, हातात भाजीची पिशवी असते आणि उद्याच्या डब्याची चिंता. तुमचं दुकान तेव्हा उजळलेलं पाहिजे. दुपारी खुशाल शटर अर्धं ओढा आणि आत भाजणी भाजा. बाहेर वास गेला पाहिजे, तेवढी जाहिरात पुरते. गर्दीला भुलू नका. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, पण ती पोरं एकमेकांना बघायला आलेली असतात. चकलीची भाजणी नेणाऱ्या बायका पंधरा दिवस आधीच येऊन गेलेल्या असतात. त्या पंधरा दिवसांत आणि उन्हाळ्यात मसाला कुटायच्या हंगामात तुमचं वर्षाचं भाडं निघायला हवं.

भाजणी आठवड्यातून दोनच दिवस करा, ताजी, आणि संपली की संपली म्हणा. ग्रँट रोडच्या मेरवान या इराणी हॉटेलातला मावा केक सकाळी लवकर गेलं नाही तर मिळायचा नाही, हे मुंबईत सगळ्यांना पाठ होतं. २०१४ मध्ये ते बंद होणार असं कळलं तेव्हा लोकांनी रांगा लावल्या होत्या, आणि पुढे ते परत उघडलं. पण तिथे केक खरंच संपायचा. आत डबे भरलेले असताना बाहेर 'संपलं' लिहिणारे एक दुकान मी जवळून पाहिलंय. पोराने चुकून आतलं कपाट उघडलं आणि चार गिऱ्हाइकांनी पाहिलं. नाव सांगत नाही, ते दुकान आता नाही.

आईचा प्रश्न दुकानातही तसाच राहू दे, पण घरच्यासारखा उंबऱ्यावर उभं राहून विचारून चालणार नाही, कारण संध्याकाळी मागे पाच माणसं असतील. एक साधी वही ठेवा. नाव, घरात माणसं किती, काय नेलं, कधी नेलं. महिना झाला की फोन नको, मेसेजही नको, लोक वैतागतात. पण ती बाई परत आली की आईने वही उघडून म्हणायचं, "मागच्या वेळचा मसाला दिवाळीतला, संपला नसेल तर नवीन नेऊ नका." त्या दिवशी विक्री होणार नाही. तुम्ही गल्ल्यावर असलात तर हे ऐकवणार नाही तुम्हाला, म्हणून तेव्हा तुम्ही आत जाऊन पुड्या बांधा.

काही ठिकाणी मात्र लहर अजिबात चालवू नका. पुडीवर वजन, घटक, तयार केल्याची तारीख स्पष्ट हवी, खाद्यपदार्थांची नोंदणी हवी, आणि काट्याची पडताळणी वैधमापनवाल्यांकडून वेळच्या वेळी करून घ्या. पाच ग्रॅम कमी भरलं तर अठरा वर्षांचं नाव एका संध्याकाळीत जातं. उधारीचं धोरणही पहिल्या दिवशीच ठरवा. आईला नाही म्हणता येणार नाही, ते काम तुमचं.

दोन गोष्टी परिस्थितीवर आहेत. आईची तब्येत रोज अडीच तास दुकानात बसण्याजोगी आहे का? नसेल तर मी गाळाच घेऊ नका म्हणेन, घरूनच चालू द्या. त्यांच्याशिवायचं ते दुकान म्हणजे चार मसाल्यांच्या दुकानांतलं पाचवं. दुसरं, भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे की तीन वर्षांचा? अकरा महिन्यांचा असेल तर भिंतीवर रंगाच्या पलीकडे एक रुपया घालू नका. भिंत मालकाची आहे.

पोपट तुम्हाला फारच आवडला असेल तर थांबा थोडं. ब्रिटानियात खराखुरा कोंबडा पाळलेला होता, पाटीवरचा त्याच्यामागून आला, असं तिथले जुने लोक सांगायचे. तुमच्याकडेही काही येईल. एखादं मांजर, एखादं गिऱ्हाईक, आईचा एखादा शब्द. तेव्हा पाटी रंगवा.

पावणेतीन लाखांतले पाच-सहा हजार मात्र आत्ताच खर्च करा. आईसाठी एक खुर्ची घ्या. उंची अशी की बसून काट्यावरचा आकडा दिसावा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघता यावं, पाठीला टेकू, पायाखाली पाट. गोल पाठीची जुनी लाकडी घेऊ नका, गुडघे दुखतील त्यांचे. गल्ल्याजवळ ठेवा, पण पंख्याखाली नको, मेतकूट उडतं.